ओपन सोर्स प्रकल्पात शेवटचा शब्द कोणाचा? मेंटेनर आणि काँट्रिब्यूटर यांच्यातली ओढाताण टाळण्याची आणि निस्तरण्याची कृती

ओपन सोर्स लायसन्स कोड वापरायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क देतं. तुमचा बदल मूळ प्रकल्पाने घेतलाच पाहिजे, हा हक्क मात्र ते कोणालाच देत नाही. रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) कोणाच्या खात्यात, नाव कोणाचं, पुढची आवृत्ती कोण काढणार, कोणती पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे बदल घेण्याची विनंती) आधी बघायची, यातलं काहीही एमआयटी किंवा जीपीएल या लायसन्सच्या मजकुरात सापडत नाही. भांडणं नेमकी याच मोकळ्या जागेत होतात. काँट्रिब्यूटरला, म्हणजे बदल पाठवणाऱ्याला वाटतं, दोन वर्षं बग मी मिटवतोय, तेव्हा माझाही शब्द चालायला हवा. मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला वाटतं, चुकीची आवृत्ती बाहेर गेली की शिव्या मी खाणार, मग ठरवणारही मीच. दोघांचंही आपापल्या जागी खरं असतं, म्हणून ‘समजुतीने घ्या’ या सल्ल्याचा काडीचा उपयोग होत नाही. कोण काय ठरवतं हे आधी लिहिलेलं असेल आणि किल्ल्या कोणाकडे आहेत हे चार जणांना ठाऊक असेल, तर बहुतेक वाद तांत्रिक चर्चेपुढे जात नाहीत.

पुढची कृती एक ते दहा मेंटेनर असलेल्या, नोकरी सांभाळून रात्री-रविवारी चालणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. उदाहरणं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाची आहेत. गिटलॅब किंवा फोर्जेओवर सेटिंगची नावं बदलतात, मुद्दा तोच राहतो.

आधी किल्ल्यांची यादी

ताबा म्हणजे मर्जचं (बदल मूळ कोडमध्ये मिसळायचं) बटण, असा एक समज असतो. तो अपुरा आहे. फ्रीनोड या आयआरसी (जुन्या धाटणीच्या चॅटच्या) नेटवर्कचे बहुतेक स्वयंसेवक मे २०२१ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट उभं केलं. नेटवर्क रोज चालवणारे हात त्यांचेच होते, पण नाव आणि डोमेन त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून बाहेर पडावं लागलं तेही त्यांनाच. मार्च २०१६ चं लेफ्ट-पॅड प्रकरण याच्या उलट बाजूने घडलं. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या रजिस्ट्रीने ‘किक’ हे पॅकेजनाव त्याच नावाच्या कंपनीला दिलं, तेव्हा चिडलेल्या लेखकाने आपली २५० हून जास्त पॅकेजेस काढून टाकली. त्यात लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज होतं आणि त्यावर टेकलेले जगभरातले बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याची कामं) धडाधड पडले. शेवटी एनपीएमने ते स्वतःच परत ठेवलं.

म्हणून एक तक्ता करा. रकाने चार: वस्तू, आज कोणाकडे आहे, दुसरी किल्ली कोणाकडे, आणि माणूस गायब झाला तर ती परत मिळवायचा मार्ग. वस्तूंमध्ये रेपोचं खातं, पॅकेज रजिस्ट्री, डोमेन आणि त्याचं नूतनीकरण करणारं क्रेडिट कार्ड, सीआयमधली (आपोआप चाचणी आणि प्रकाशन करणाऱ्या यंत्रणेतली) सिक्रेट्स, रिलीजवर सही करायची जीपीजी की, प्रकल्पाचा ईमेल, चॅटचं अॅडमिन खातं, देणग्यांचं खातं आणि लोगोची मूळ फाइल. क्रेडिट कार्डाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कार्डाची मुदत संपली म्हणून डोमेन सुटणं ही दुर्घटना भांडणाइतकीच नेहमीची आहे.

मग दुरुस्त्या. रेपो कोणाच्या वैयक्तिक खात्यात असेल तर तो ऑर्गनायझेशनमध्ये हलवा. वैयक्तिक रेपोत दोनच पायऱ्या असतात, मालक आणि कोलॅबोरेटर. मधलं काही देताच येत नाही, त्यामुळे मदतीला आलेल्या माणसाला एकतर थेट लिहायचा हक्क द्यावा लागतो किंवा काहीच नाही. ऑर्गनायझेशनमध्ये रीड, ट्रायाज (आलेल्या नोंदींची वर्गवारी), राइट, मेंटेन आणि अॅडमिन अशा पाच पायऱ्या मिळतात. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर रीडायरेक्ट आपोआप होतं, फक्त जुन्या जागी त्याच नावाचा नवा रेपो काढू नका, नाहीतर रीडायरेक्ट तुटतं. ऑर्गनायझेशनचे मालक किमान दोन ठेवा आणि शक्यतो ते एकाच कंपनीत नोकरीला नसावेत. पायपीआय या पायथनच्या रजिस्ट्रीवर ‘ओनर’ आणि ‘मेंटेनर’ वेगळे असतात: मेंटेनर आवृत्ती चढवू शकतो, माणसं जोडू-काढू शकत नाही. रिलीज काढणाऱ्याला बहुतेक वेळा मेंटेनर पुरतो.

सीआयची एक मेख फार जणांच्या लक्षात येत नाही. राइट हक्क असलेला कोणीही नव्या ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या फांदीत) वर्कफ्लोची, म्हणजे सीआयने काय करायचं ते सांगणारी फाइल बदलून रेपोची सिक्रेट्स वापरू शकतो. म्हणजे तुम्ही फक्त कोड लिहायचा हक्क दिलात असं समजता, आणि प्रत्यक्षात पॅकेज प्रकाशित करायची किल्लीही देऊन बसता. प्रकाशनाचं टोकन रेपोच्या सर्वसाधारण सिक्रेट्समधून काढून ‘एन्व्हायरन्मेंट’मध्ये ठेवा आणि त्यावर मान्यता देणारे दोन जण नेमा. पायपीआयवर तर टोकनच नको. २०२३ पासून तिथे ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, त्यात ठरवून दिलेल्या वर्कफ्लोलाच तात्पुरती परवानगी मिळते.

मेन ब्रँचच्या संरक्षणात चार खुणा करा: मर्जआधी एक मान्यता हवी, नवीन कमिट (नोंदवलेला बदल) आल्यास जुनी मान्यता रद्द, कोडओनर्सची (त्या फाइलसाठी नेमलेल्यांची) मान्यता हवी, आणि अॅडमिनलाही यातून सूट नाही. शेवटची खूण राहिली तर बाकीच्या तीन शोभेच्या ठरतात, कारण नियम मोडणारा पहिला माणूस बहुधा घाईत असलेला संस्थापकच असतो. कोडओनर्स फाइलमध्ये जुळणारी शेवटची ओळ लागू होते, पहिली नव्हे. सर्वसाधारण नियम वर, खास फोल्डरचे नियम खाली. ज्याचं नाव लिहिलंय त्याला राइट हक्क नसेल तर त्या ओळीला काही अर्थ उरत नाही.

कोण काय ठरवतं, हे एका पानात

गव्हर्नन्स या शब्दाला बिचकून लोक फाउंडेशनचे तीस पानी नियम उचलतात, आणि मग ते कोणी वाचत नाही. लहान प्रकल्पाला एवढं पुरतं:

*टायपो, दस्तऐवज, चाचण्या: एका मेंटेनरची मान्यता, लगेच मर्ज.*
*कोडमधला बदल: लेखक सोडून एका मेंटेनरची मान्यता.*
*सार्वजनिक इंटरफेस, नवी डिपेंडन्सी (ज्यावर कोड टेकतो ते बाहेरचं पॅकेज), फाइल फॉरमॅट: आधी इश्यू (चर्चेची नोंद). ७२ तासांत कोणाचा सकारण विरोध आला नाही तर मंजूर.*
*लायसन्स, नाव, पैसा, मेंटेनर घेणं किंवा काढणं: दोन तृतीयांश मेंटेनरांचं मत, मुदत ७ दिवस.*
*कोंडी झाली तर: (इथे एक नाव) यांचा निर्णय अंतिम.*
*सहा महिने हालचाल नसलेला मेंटेनर ‘माजी’ यादीत जातो. परतायला एक ईमेल पुरे.*

७२ तासांचा आकडा अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रथेतला आहे. पुणे आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या माणसांना वेगवेगळ्या वेळी जाग असते, त्यात शनिवार-रविवार आला तरी प्रत्येकाला एकदा तरी डोकं घालता यावं, हा त्यामागचा हिशोब. शुक्रवारी रात्री, दिवाळीत किंवा ख्रिसमसच्या आठवड्यात प्रस्ताव टाकून ‘कोणी बोललं नाही’ म्हणू नका. नियम पाळला जातो आणि विश्वास जातो.

‘सकारण’ हा शब्द गाळू नका. अपाचीतही कोडमधल्या बदलाला कमिटर नकाराधिकार वापरू शकतो, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं, नाहीतर तो नकार धरला जात नाही. आणि हा अधिकार रिलीजला लागू नाही. तिथे किमान तीन होकार आणि नकारांपेक्षा होकार जास्त, एवढंच लागतं. ही विभागणी शहाणपणाची आहे. एकटा माणूस चुकीचा कोड अडवू शकतो, अख्खं रिलीज ओलीस धरू शकत नाही.

कोंडी फोडणारा एकच माणूस असणं यात लोकशाहीविरोधी काही नाही. पायथन भाषेत तिचे निर्माते गिडो व्हान रॉसम यांनी २०१८ पर्यंत तेच केलं. पेप ५७२ (भाषेतल्या बदलाचा एक प्रस्ताव) वरच्या वादानंतर त्यांनी त्या जुलैत ती जागा सोडली. मग २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल निवडून आली आणि एका मालकाच्या पदरी असलेले दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत, असा नियम झाला. दोन्ही पद्धती चालतात. न चालणारी तिसरी पद्धत म्हणजे एक माणूस मनातल्या मनात सर्वेसर्वा आणि बाकीच्यांना वाटतंय की सगळं सहमतीने चाललंय.

हद्दीही लिहा. २०२५ च्या फेब्रुवारीत लिनक्स कर्नलमध्ये (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) यावरूनच जुंपली. डीएमएच्या (उपकरणांना मेमरी थेट वापरू देणाऱ्या) कोडला रस्ट या भाषेतून वापरता येईल असं वेष्टण घालायला त्या भागाच्या एका मेंटेनरचा विरोध होता. वेष्टण त्यांच्या फोल्डरबाहेर होतं. लिनक्सचे निर्माते टोरवाल्ड्स यांनी दिलेला निवाडा कोणत्याही प्रकल्पात टांगून ठेवावा असा आहे: रस्टचा कोड तुम्हाला बघायचा नसेल तर बघू नका, पण मग तुमचा इंटरफेस कोण वापरतं यावरही तुमचं नियंत्रण नाही. आपल्या भागात शब्द आपला. तो भाग बाहेरून कोणी कसा वापरावा, यावर नाही.

नकार लवकर द्या

काँट्रिब्यूटरला नकारापेक्षा शांतता जास्त जिव्हारी लागते. आठ महिने भिजत पडलेला पीआर म्हणजे आठ महिने दर आठवड्याला दिलेला नकार. पहिला प्रतिसाद ७ दिवसांत द्या, तो ‘पाहिलं, महिनाअखेरपर्यंत वेळ नाही’ एवढा असला तरी चालेल. घ्यायचं की नाही याचा निर्णय ३० दिवसांत. जमणारच नसेल तर रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) तसं स्पष्ट लिहा: ‘सध्या फक्त बग दुरुस्त्या घेतो, नवी वैशिष्ट्यं नाहीत.’ याने कोणी रागावत नाही. हे पीआर आल्यावर सांगितलं तर मात्र रागावतात, आणि बरोबरच आहे.

नकाराची तीन वेगळी कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळली की वाद पेटतो. एक, हे प्रकल्पाच्या कक्षेत नाही. दोन, कल्पना पटली पण रीत पटली नाही. तीन, दोन्ही ठीक आहे, पण पुढे सांभाळायला माणूस नाही. तिसरं कारण सांगायला मेंटेनर लाजतात आणि त्याऐवजी स्पेसिंग, व्हेरिएबलची नावं, चाचण्यांची संख्या असल्या दुरुस्त्या मागत राहतात, समोरचा कंटाळून जाईल या आशेवर. समोरचा प्रत्येक दुरुस्ती करून परत येतो, आणि सहाव्या फेरीला खरं कारण बाहेर पडतं. तिथून पुढे त्या माणसाचं तुमच्याबद्दलचं मत बदलत नाही. समजा ओरॅकल डेटाबेसचा आधार जोडणारा पीआर आला, तर नकार असा असावा:

‘धन्यवाद, कोड स्वच्छ आहे आणि चाचण्याही नीट आहेत. तरी हे घेत नाही. ओरॅकलसाठी चालवून बघायला आमच्यापैकी कोणाकडे ओरॅकल नाही, त्यामुळे पुढच्या आवृत्तीत हे मोडलं तर आम्हाला कळणारही नाही. प्लगइन म्हणून वेगळं काढलंत तर दस्तऐवजात दुवा देऊ. त्यासाठी आमच्याकडे एखादा हुक (जोडणीची जागा) कमी पडत असेल तर तो जरूर सुचवा.’

यात निर्णय दुसऱ्याच वाक्याला येतो, दिलेलं कारण तपासता येण्याजोगं आहे आणि पुढचा रस्ता खरा आहे. ‘सध्या तरी’ हे दोन शब्द टाळा. कायमचा नकार असेल तर ते उगीच आशा लावतात.

जुने पीआर आपोआप बंद करणारा बॉट बसवणार असाल तर तो ‘लेखकाच्या उत्तराची वाट’ या लेबलवरच चालवा. उशीर मेंटेनरचा आणि ‘हालचाल नाही म्हणून बंद’ असा निरोप लेखकाला, हा प्रकार चीड आणणारा आहे.

श्रेयाचा मुद्दा लहान दिसतो, पण मनं सर्वात जास्त तिथेच दुखावतात. मेंटेनर पीआर बंद करतो, तीच दुरुस्ती स्वतःच्या पद्धतीने लिहितो आणि इतिहासात नाव एकट्या मेंटेनरचं राहतं. पुन्हा लिहायचा हक्क मेंटेनरला नक्कीच आहे, नाव पुसायचा नाही. पीआरच्या बाजूला ‘मेंटेनरना बदल करू द्या’ ही खूण बहुधा आधीच केलेली असते. असेल तर लेखकाच्याच ब्रँचवर वरून कमिट घाला आणि मर्ज करा. पूर्ण नव्याने लिहिलं असेल तर कमिट संदेशाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडून ‘को-ऑथर्ड-बाय’ ची ओळ टाका, त्यात लेखकाचं नाव आणि कोनी कंसात ईमेल. ईमेल त्याच्या गिटहब खात्याला जोडलेला हवा, नाहीतर श्रेय त्याच्या प्रोफाइलवर दिसत नाही. तो ईमेल हाताने टाइप करण्याऐवजी त्याच्या मूळ कमिटमधून उचला.

काँट्रिब्यूटरच्या बाजूने

कोड लिहिण्याआधी त्या रेपोतले बंद झालेले, पण मर्ज न झालेले शेवटचे दहा-पंधरा पीआर वाचा. काँट्रिब्यूटिंग फाइलमध्ये प्रकल्प स्वतःबद्दल काय म्हणतो ते कळतं, नाकारलेल्या पीआरमध्ये तो प्रत्यक्षात कसा वागतो ते. मर्ज कोण करतं, उत्तराला किती दिवस लागतात, कोणत्या कारणाने नकार येतो, हे अर्ध्या तासात समजतं.

वागणूक बदलणारा कोणताही बदल आधी इश्यू म्हणून मांडा आणि ‘पीआर पाठवला तर बघाल का?’ असं सरळ विचारा. होकार येण्याआधी दोन हजार ओळी लिहिणं म्हणजे समोरच्यावर आपल्या कष्टांचं ओझं टाकणं. एका पीआरमध्ये एकच गोष्ट. ३०० ओळींच्या पुढे गेलं की तोडा. फॉरमॅटिंगचे बदल आणि खरा बदल एकाच कमिटमध्ये कधीच नको, कारण रिव्ह्यू करणाऱ्याला खरं काय बदललं ते दिसत नाही. एआयकडून लिहून घेतलेला कोड ओळीओळीने समजावता येत नसेल तर पाठवू नका. तपासायचा सगळा भार तुम्ही दुसऱ्याच्या रविवारवर टाकत असता.

आठवण किती दिवसांनी करायची? कर्नलच्या दस्तऐवजात किमान एक आठवडा थांबा असं सांगितलं आहे. लहान प्रकल्पात दोन आठवडे धरा. आठवण करताना ‘काही अपडेट?’ ऐवजी काहीतरी नवं द्या: मेनवर रीबेस केलं (ताज्या कोडवर बदल नव्याने बसवला), अमुक आवृत्तीवर चालवून बघितलं, हा बग आणखी दोघांना येतोय. दोन आठवणींनंतरही शांतता असेल तर तिसरी नको. पॅच (आपला बदल) आपल्या फोर्कमध्ये (रेपोच्या स्वतःच्या प्रतीत) ठेवा, इश्यूत त्याचा दुवा टाका आणि पुढे चला.

अधिकार हवा असेल तर ट्रायाजपासून मागा. डुप्लिकेट इश्यू शोधणं, बग स्वतःच्या यंत्रावर घडवून बघणं, लेबलं लावणं, हे काम कोणालाच आवडत नाही. म्हणूनच ते करणाऱ्याकडे मेंटेनरचं लक्ष जातं.

आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ‘रेझ्युमेसाठी ओपन सोर्स’ ही लाट मोठी आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स मोहिमेच्या टी-शर्टसाठी रीडमीत एखादं विशेषण घुसडणाऱ्या पीआरचा इतका पूर आला की आयोजकांनी त्याच महिन्यात नियम बदलला. ज्या रेपोने स्वतःहून ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा टॉपिक लावला असेल, त्याचेच पीआर धरायचे ठरलं. सरावासाठी स्वतःचा रेपो काढा. दुसऱ्याच्या रेपोत केलेला सराव तिथल्या प्रत्येक वाचकाला सूचना म्हणून जातो. अशा पुरात सापडलेल्या मेंटेनरने एकेकाला उत्तर देत बसू नये. गिटहबच्या मॉडरेशन सेटिंगमध्ये संवादावर मर्यादा घालता येते, २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत, ‘आधी योगदान दिलेल्यांनाच’ अशी अटही लावता येते.

दुसऱ्याच्या हाती देताना

थकलेल्या मेंटेनरने ‘घे बाबा तूच’ म्हणून किल्ली दिली की काय होतं, याची दोन ठसठशीत उदाहरणं आहेत. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीमच्या मूळ लेखकाने मदत करायला आलेल्या अनोळखी खात्याला प्रकाशनाचा हक्क दिला. त्या खात्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची डिपेंडन्सी जोडली आणि तिच्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारा कोड आला.

एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण जास्त थंड डोक्याचं. ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याने २०२१ पासून साधेसुधे, उपयोगी पॅच पाठवले. २०२२ मध्ये दुसरीच काही खाती मेलिंग लिस्टवर येऊन एकट्या मेंटेनरवर दबाव टाकू लागली, की काम पुढे सरकत नाही, कोणालातरी सोपवा. हक्क मिळाले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर (चोरदार) गेलं. ते सुरू करणारी बिल्डची ओळ गिट रेपोत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. दूरच्या यंत्रात शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधत गेलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना ते सापडलं आणि त्यांनी २९ मार्चला जाहीर केलं.

यातून निघणारी रीत अशी. दबाव टाकणाऱ्या खात्यांचा इतिहास बघा. ज्याने आजवर एकही पॅच, एकही नीट बग रिपोर्ट दिलेला नाही आणि जो फक्त ‘दुसऱ्याला द्या’ म्हणतोय, त्याला उत्तर देणं लागत नाही. नव्या माणसाला ट्रायाज तीन महिने, मग राइट सहा महिने, मग एखाद्या फोल्डरची कोडओनर म्हणून जबाबदारी. प्रकाशनाचा हक्क सर्वात शेवटी, आणि तोही दुसऱ्याची मान्यता लागेल असा. टारबॉल कोणाच्याही लॅपटॉपवर बनवायचा नाही, टॅगवरून सीआयमध्ये बनवायचा. माणसाचं खरं नाव माहीत असलंच पाहिजे असं नाही, ओपन सोर्समध्ये टोपणनावाने उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत. पण सुरक्षाविषयक संपर्काचा पत्ता बदलणं, एखादी तपासणी बंद करणं, चाचण्यांत बायनरी फाइल घालणं, या तीन गोष्टी कोणाही एकट्याने करू नयेत.

देण्यासारखा माणूसच नसेल तर रेपो आर्काइव्ह करा. तो फक्त वाचण्यापुरता उरतो आणि लोक फोर्क करायला मोकळे होतात. अनोळखी माणसाच्या हाती चालू ठेवण्यापेक्षा हे कधीही बरं.

मेंटेनरच गायब असेल तर रजिस्ट्रीचे आपले मार्ग आहेत. पायपीआयवर पेप ५४१ नुसार पॅकेज सोडून दिलेलं ठरायला मालक संपर्काबाहेर हवा, गेल्या १२ महिन्यांत रिलीज नको आणि प्रकल्पाच्या मुख्य पानावरही मालकाची हालचाल नको. तिथले प्रशासक किमान तीनदा संपर्काचा प्रयत्न करतात आणि सहा आठवड्यांनंतर थांबतात. डेबियन या लिनक्स वितरणात दुर्लक्षित पॅकेज सांभाळायला घेण्याचा इरादा बग म्हणून नोंदवून किमान २१ दिवस थांबावं लागतं. दोन्हीकडे घाई चालत नाही आणि चालू नये.

मालक कंपनी असेल तर

पहिला पीआर पाठवण्याआधी एवढं बघा: सीएलए (योगदानाचा करार) मागतात की डीसीओ (कोड देण्याच्या हक्काची ग्वाही)? डीसीओमध्ये तुम्ही कमिटला साइन-ऑफची ओळ जोडता आणि ‘हे द्यायचा मला हक्क आहे’ एवढंच म्हणता. सीएलएमध्ये बहुधा कंपनीला तुमचा कोड दुसऱ्या लायसन्सखाली देण्याचीही मुभा मिळते. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म हे आपलं साधन एमपीएल या ओपन सोर्स लायसन्सवरून जास्त बंधनांच्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं, तेव्हा बाहेरच्यांनी दिलेला कोडही सोबत गेला. मात्र डीसीओ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. रेडिस हा डेटाबेस बीएसडी लायसन्सखाली होता, आणि बीएसडी इतकं सैल आहे की मार्च २०२४ मध्ये पुढच्या आवृत्त्यांचं लायसन्स बदलायला त्याची आडकाठी आली नाही. बदल खरोखर अवघड करायचा असेल तर जीपीएलसारखं कॉपीलेफ्ट (बदललेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणारं) लायसन्स, सीएलए नाही आणि कॉपीराइट अनेकांकडे विखुरलेला, हे तिन्ही एकत्र लागतं.

भडका उडाला तर

धागा ४८ तास लॉक करा आणि का, कधीपर्यंत ते एका वाक्यात लिहा. कारण न देता केलेलं लॉक म्हणजे आगीत तेल. मग ज्याचा या वादाशी संबंध नाही अशा तिसऱ्याला दोन्ही बाजू पाच-पाच ओळींत लिहायला सांगा, त्यातही प्रत्येकाचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत. बऱ्याचदा इथेच कळतं की वाद कोडचा नाहीच, सहा महिन्यांपूर्वी न मिळालेल्या श्रेयाचा आहे. कॉल झाला तर ठरलेलं त्याच दिवशी इश्यूत लिहा, नाहीतर उरलेल्यांना बंद दाराआड काहीतरी शिजल्याचा वास येतो.

हक्क काढून घ्यायची वेळ आली तर क्रम पाळा. आधी नियमाप्रमाणे निर्णय, मग त्या माणसाला खासगीत कळवणं, मग हक्क काढणं, मग जाहीर निवेदन. आधी हक्क काढून मग कारण शोधलं, तर कारण कितीही चोख असो, ते कोणी ऐकत नाही. अपवाद एकच: खातं चोरीला गेल्याचा किंवा घातपाताचा ठोस संशय. तेव्हा आधी कुलूप, मग चर्चा. दोन्ही वेळी त्याच तासात टोकन, डिप्लॉय की, वेबहुक आणि रजिस्ट्रीवरचं नाव तपासा. रेपोतून काढलेला माणूस एनपीएमवर मालक म्हणून तसाच राहतो, कारण त्या दोन याद्या एकमेकींना ओळखत नाहीत.

फोर्क

फोर्क ही धमकी म्हणून वापरू नये, आणि झाला म्हणून शोकही करू नये. जीसीसी या कंपायलरचं काम अडलं तेव्हा १९९७ मध्ये ईजीसीएस निघालं आणि एप्रिल १९९९ मध्ये तेच अधिकृत जीसीसी झालं. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या कारभाराला कंटाळून डिसेंबर २०१४ मध्ये आयओ.जेएस निघालं, आणि सप्टेंबर २०१५ च्या नोड ४.० मध्ये दोन्ही परत एक झाले. टेराफॉर्मवरून ओपनटोफू आणि रेडिसवरून व्हॅल्की मात्र वेगळेच राहिले.

करायचा ठरला तर आधी माणसं मोजा. रिव्ह्यू, रिलीज आणि सुरक्षा सूचना सांभाळायला किमान तिघं एक वर्ष देणार नसतील, तर तो फोर्क पहिल्या सीव्हीईला (जाहीर झालेल्या सुरक्षात्रुटीला) कोसळतो. नाव आणि लोगो पहिल्याच दिवशी बदला. लायसन्स कोडचं असतं, ट्रेडमार्कचं नाही. जुन्या कॉपीराइट ओळी जशाच्या तशा ठेवा, आपली ओळ खाली घाला. लायसन्स बदलल्यामुळे फोर्क करत असाल तर जुन्या लायसन्सखालचा शेवटचा कमिट नेमका शोधा आणि तिथूनच निघा. त्यानंतरचा एकही पॅच नजरचुकीनेही उचलू नका, पाठवणाऱ्यांनाही तशी लेखी सूचना द्या. पॅकेज नव्या नावाने प्रकाशित करा, पण पहिल्या आवृत्तीत फाइल फॉरमॅट आणि कमांडची नावं तीच राहू द्या, म्हणजे वापरणाऱ्याला एका ओळीत बदलून बघता येईल.

गिटचा इतिहास एकाच कमिटमध्ये दाबून टाकू नका. तो सामाईक राहिला तर दोन्हीकडच्या दुरुस्त्या चेरी-पिकने (एकेक कमिट उचलून) इकडून तिकडे नेता येतात, आणि तसं करताना उणे एक्सचा पर्याय दिला की मूळ कमिटचा क्रमांक संदेशात आपोआप नोंदला जातो. सुरक्षेच्या त्रुटी मूळ प्रकल्पाला जाहीर करण्याआधी खासगीत कळवा. लायसन्स, स्वभाव, नाव यांवरून कितीही बिनसलं असलं तरी त्रुटी दोघांच्याही कोडमध्ये तीच असते, आणि वापरणारे बरेचसे तेच.